विमान नसलेल्या मार्गावरचा सव्वा तास

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
शासकीय मुद्रणालय.

विषय : दोन शहरांमधील प्रवासाचा वेळ जमिनीवरून धरण्याबाबत.
संदर्भ : विनापरवाना गैरहजेरीबद्दल आपण मला बजावलेली नोटीस.

महोदय,

१. मी आपल्या बांधणी विभागात पुस्तके शिवतो. गेल्या महिन्यात भर पाळीत वडिलांचा फोन आला, "आईचं काही खरं नाही, लगेच नीघ." मी तेव्हाच निघण्याची परवानगी मागितली. आपल्या कारकुनांनी संगणकात दोन शहरांची नावे टाकली आणि अर्जावर शेरा मारला : "हवाई प्रवास सव्वा तास. पाळी संपवून निघावे. एक दिवस रजा पुरेशी." खाली आपली सही आहे.

२. या दोन शहरांमध्ये विमान जात नाही. तिकडच्या धावपट्टीवर उद्घाटनाच्या दिवशी एक विमान उतरले, ते परत गेले ते गेलेच. आता तिथे लोक मोटार शिकतात. हे मी कारकुनांना हात जोडून सांगितले. ते म्हणाले, "नसेल हो विमान, पण असतं तर सव्वा तासच लागला असता ना?" मी परत शिवायला बसलो.

३. पाळी संपेपर्यंत थेट जाणारी एकुलती एक बस निघून गेली. मी गाड्या बदलत, शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. आई सकाळीच गेली होती. वडील म्हणाले, "येतोच आहे तो, थांब, असं सांगत राहिलो रे मी तिला."

४. आता आपण विचारता की सव्वा तासावरून परतायला इतके दिवस का लागले. महोदय, नोटीस वाचून मला राग आला नाही, शिसारी आली. सोबत आपल्या सहानुभूतीची छापील चिठ्ठी होती. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मीच बांधतो. मला पंख नसल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डॉक्टर आधी हसले, नोटीस वाचल्यावर त्यांनी सही केली.

५. माझी रजा कापा, बढती अडवा, माझी तक्रार नाही. फक्त तो सव्वा तास माझ्या फाइलीतून खोडा. वडील तिथे एकटे आहेत. आईची खोली सोडून इकडे यायला ते तयार नाहीत आणि त्यांचीही तब्येत आता तोळामासा असते. आमच्या साहेबांना वेळ लागतो, तेव्हा काही वाटलं तर जरा आधी कळवा, असे मी त्यांना निर्लज्जपणे सांगून आलो आहे. त्यांनी विचारले, "किती आधी?"

याचे उत्तर आपल्या शाखेकडून लेखी मिळावे, म्हणजे त्यांना तसे कळवता येईल.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
बांधणीकार, पहिली पाळी

दिनांक : आपण आवक शिक्का माराल तो.

सोबत :
१. बसची तिकिटे. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून त्याची पावती नाही.
२. धावपट्टीच्या फाटकाचे छायाचित्र, कुलपासह. मोटार शिकणारे पडलेल्या कुंपणातून आत जातात.
३. पंख नसल्याचा दाखला.
४. आईच्या मृत्यूचा दाखला. हा कृपया परत द्यावा, वडिलांनी मागितला आहे.