उजव्या पंखाची आंघोळ

ती. साडूभाऊ यांस,

चौदा महिन्यांत न केलेले सगळे नमस्कार एकदम. प्रकृती कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, उत्तर मला ठाऊक आहे. आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि रोज सकाळी पाऊण तास फोनवर. तेव्हा तुमचा गुडघा, तुमचं पित्त आणि घड्याळाच्या दुकानात तुम्ही आणलेला नवा भिंगवाला दिवा हे सगळं मला तुमच्याआधी कळतं. माझंही तुम्हाला कळतच असणार. म्हणजे हे पत्र तुम्हाला माहीत असलेलीच हकीकत माझ्या तोंडून सांगण्यापुरतं आहे. (सांगताना काही ठिकाणी मी बरा दिसेन. तेवढं चालवून घ्या.) इकडे क्षेम नाही. कुशल तर मुळीच नाही.

मुद्द्याचं आधी. सासरेबुवांचा डावा डोळा गेला. उजव्याला डॉक्टरीणबाईंनी सहा महिने दिलेत, फार तर आठ. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांची फवारणीची विमानं दुरुस्त केली आणि स्वतः एकदाही वर गेला नाही, त्याचं मागणं एकच आहे: दिसतंय तोवर आपलं घर वरून पाहायचं, तेही आपण तिघांनी बांधायला घेतलेल्या विमानातून. फ्लाइंग क्लबचा वैमानिक तयार आहे. विमानखात्याच्या तपासनीसांची सही झाली की आधी चाळीस तास तो एकटा उडवणार, आणि मग शेजारच्या खुर्चीत सासरेबुवा. पण तपासनीसांची पुढची फेरी या महिनाअखेरीस आहे, आणि ती चुकली की नऊ महिन्यांनी. नऊ आणि आठ यांतला फरक तुम्हीच काढा, माझ्याच्यानं काढवत नाही.

आपलं भांडण कशावरून झालं हे परवा तपासनीसांना सांगताना मला लाज वाटली. सासरेबुवांनी मधलं धड बांधायचं, डावा पंख तुम्ही, उजवा मी, इतकी सरळ वाटणी होती. तुम्ही म्हणालात पत्र्याला आतून रंग नको, पत्रा मुळात चांगला आहे, उगाच वजन वाढतं. मी म्हणालो, प्रायमरचे दोन हात हवेतच. मी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. टाक्या का गळतात आणि लोखंड का सडतं यावर मी जितके अहवाल लिहिले तितके कुणी वाचलेसुद्धा नसतील. मग तुम्ही 'रंगारी' म्हणालात, मी 'काडीपैलवान' म्हणालो, आणि रागाच्या भरात कामाच्या वहीत लिहून टाकलं, 'डावा पंख आतून उघडा ठेवला आहे, परिणामांस बनवणारा जबाबदार', खाली सही, तारीख. तुम्ही वाचलंत, आपल्या पंखावर एक सणसणीत थाप मारलीत आणि गेलात. छत्रीसुद्धा विसरलात. (ती ही वापरते.)

त्यानंतर उजव्या पंखाचं मी जे केलं ते पोटच्या पोराचं कुणी केलं नसेल. पंखात पेट्रोलची टाकी पट्ट्यांनी आवळलेली असते, तिथं धातूवर धातू घासू नये म्हणून नकाशात रबर सांगितलंय. मी म्हटलं रबर कशाला, मऊ काहीतरी हवं, म्हणून हिचा जुना लोकरी कोट कापून टाकीखाली आणि पट्ट्यांखाली छान जाड अस्तर लावलं. दर रविवारी सकाळी साबणाच्या पाण्यानं आंघोळ, मग मऊ फडकं. घरात मला चहा कुणी विचारत नसे, पण पंख चकचकीत. तुमच्या पंखाला मात्र चौदा महिन्यांत पाण्याचा थेंब लावला नाही. तत्त्व म्हणून. त्यावर इतकी धूळ साचली की मांजर चालून गेलं तर पावलं मोजता येत होती.

आता परीक्षेचा दिवस. विमान नाक वर करून उभं राहिलं तरी इंजिनापर्यंत पुरेसं पेट्रोल पोचतं का, हे तपासनीसांना पाहायचं होतं. म्हणून पुढचं चाक विटांवर चढवलं, दोन्ही टाक्यांत वीस-वीस लिटर भरलं, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून बादलीत धरली आणि हिचं दुधाचं माप घेऊन मी घड्याळाकडे बघत बसलो. सासरेबुवा खुर्ची घेऊन शेजारी. दीड मिनिट धार छान चालली, मग ती दोऱ्यासारखी झाली, मग गेली. टाकीतून ढब्ब असा आवाज आला. टाकीत हवा शिरायची नळी असते, तिच्यात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. (कोणत्या पंखाच्या ते विचारू नका.) तारेनं ते काढलं. अति तेथे माती म्हणतात, पण ती अशी नळीत सापडेल असं वाटलं नव्हतं. धार पुन्हा लागली, माप भरलं, तपासनीसांनी मान हलवली, सासरेबुवांनी खुर्चीचा हात थोपटला. आणि त्याच क्षणी पोटाखाली, डाव्या बाजूला, टप्प.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सासरेबुवांचा डोळा, महिनाअखेर, सगळं विसरून एक क्षणभर मला आनंद झाला, आणि त्याची शरम अजून जात नाही. मी तपासनीसांना वही उघडून दाखवली. सही दाखवली. मग तुमच्या टाकीवरच्या झाकणाचे बेचाळीस स्क्रू एकेक करून सोडवले आणि प्रत्येक स्क्रूगणिक पाणीपुरवठ्यातल्या अनुभवावर बोलत राहिलो. झाकण उचललं. आत पत्रा नव्या ताटासारखा. टाकी कोरडी. पट्ट्यांखाली तुम्ही सायकलच्या ट्यूबचे साधे तुकडे कापून लावलेले, तेही जागच्या जागी. तपासनीस वाकून बराच वेळ बघत राहिले, मग विमानाला वळसा घालून आले आणि विचारलं की डाव्या चाकात हवा कमी आहे का. होती. (चौदा महिन्यांत भरली नव्हती. तत्त्व म्हणून.) विमान डावीकडे कललेलं होतं. गळणारी वस्तू उताराकडे वाहते हे मी तीस वर्षं पगार घेऊन लोकांना सांगत आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं वेगळं, इथं तर मी संन्याशाचे बेचाळीस स्क्रूही काढले होते.

त्यानंतर त्यांनी दुसरा पंख उघडायला लावला. त्याचं सविस्तर लिहायला या कागदावर जागा नाही. (मागची बाजू कोरी आहे, पण शाई फुटते.) मेहुणीबाईंना आशीर्वाद लिहिणार होतो, पण त्या माझ्यापेक्षा मोठ्या, तेव्हा नमस्कार. मुलांना गोड पापा. लोभ चौदा महिने कुठे ठेवला होता ते तुमचं तुम्हाला माहीत, असल्यास परत काढावा.

तुमचा साडू,
रंगारी

ता.क. शाई फुटली तर फुटू दे. उजव्या पंखाचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला, ओल्या लोकरीचा. दर रविवारचं पाणी झाकणाच्या फटीतून आत जात होतं आणि कोट ते पिऊन बसला होता. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज येत नाही, पांढरा बुरा येतो. अस्तराखालचा प्रायमर बोटानं सोलला, मागोमाग बुरा आला, आणि टाकीच्या बुडाला टाचणी जाईल अशी अकरा भोकं. टाकीचा मागचा आधारही खालून खाल्लेला. मी दर आठवड्याला न्हाऊ घातलं नसतं तर काहीच झालं नसतं. तुमचा पंख मी रागानं कोरडा ठेवला म्हणून वाचला. माझा लाडानं मेला. सासरेबुवांना मी 'दोन्हीकडे थोडंथोडं आहे' असं सांगितलं. ते उठले, चाचपडत उजव्या पंखाशी गेले, आत बोट फिरवलं, बोटावरचा बुरा अंगठ्यानं चोळला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. वहीतली ती ओळ खोडायची परवानगी नाही, आणि पान फाडावं तर पानांवर आकडे आहेत. खाली लिहिलंय, 'वरील शब्द मागे घेतले', सही, तारीख.

ता.क. दुसरा. टाकीला वेल्डरनं नवीन बूड लावून दिलं. आधाराची पट्टीही मी कापून, भोकं पाडून तयार ठेवलीय, खाली रबर आणलंय, तुमच्यासारखं ट्यूबचं. उरले तेवीस रिव्हेट. बाहेरून क्लबचा मेकॅनिक ठोकणार, पण आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा आहे, आणि आत जायला तपासणीचं भोक आहे अकरा सेंटिमीटरचं. माझा हात साबण लावून गेला, आणि ठोकळा धरल्यावर परत येईना. एक तास दहा मिनिटं मी पंखाला लटकून होतो. हिनं भांड्यांचा साबण अख्खा ओतला आणि मग बहिणीला फोन लावला (हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार, हसलाही असाल). शेवटी सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले, "जावईबापू, ठोकळा सोडा की." मी ठोकळा सोडला. हात लगेच बाहेर आला.

ता.क. शेवटचा. तुमच्या पंखात दोष नाही असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. धूळ पुसली तेव्हा वरच्या पत्र्यावर एक डाग निघाला. पाच बोटं आणि तळवा. जाताना थाप मारलीत तेव्हा हाताला घाम होता, आणि उघड्या पत्र्याला घामाचं मीठ धरतं. तपासनीस म्हणाले, वरवरचं आहे, बारीक पॉलिशनं जाईल. मी अजून पॉलिश लावलेलं नाही. सासरेबुवांना तो दिसत नाही, पण कुठे आहे ते त्यांनी विचारून घेतलं. संध्याकाळी चहा घेताना त्यावर हात ठेवून बसतात. काल ते आत गेल्यावर मी पट्टी घेऊन तो मोजला. बोटांच्या मुळाशी आठ सेंटिमीटर. म्हणजे ठोकळ्यासकट मूठ आत जाऊन फिरायला जागा उरते. शनिवारी मेकॅनिक मोकळा आहे. माप चौदा महिन्यांपूर्वीचं आहे हे मला कळतं. हात जाड झाला असेल तर कळवू नका, तसेच या.