रामकिसनच्या खोलीतलं मशीन

मी, त्रिंबक मुंजाबा शिंगाडे, वय अडुसष्ट, मूळचा करमाडचा, हल्ली मुक्काम चिकलठाणा, औरंगाबाद, धंदा लेथवरचं टर्निंग, म्हणजे लोखंड कातणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे चिरंजीव मल्हारराव उद्या "म्हातारा बहकला होता" म्हणून गावभर बोंबलत फिरतील.

मिळकत सगळी स्वकष्टाची. वडिलांमागे एक काठी आणि एक घोंगडी उरली होती, ती दोन्ही थोरल्या भावाने नेली.

१. राहतं घर पत्नी बानाबाई हिला. सूनबाईंनी भांड्यांची वाटणी मनात करून ठेवली आहे, ती तूर्त मनातच राहू द्यावी.

२. कॅपस्टन लेथ, एकसारखे नग भराभर काढणारा, भाचा सर्जेराव याला. या मशीनवर एकदा हत्यारं बसवली की पुढं डोकं लागत नाही. दोघांचं छान जमेल.

३. जुना साधा लेथ, चकच्या (नग पकडून गरगर फिरणाऱ्या जबड्याच्या) चावीसकट, माझा टर्नर रामकिसन खरात याला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्याचं गावातलं घर जाळलं. बायको कडूबाईला घेऊन तो माझ्या शेडवर आला. मी मागची खोली दिली. मल्हारराव तेव्हा कॉलेजात. पुस्तक कधी उघडलं नाही, पण विद्यापीठाच्या नावाची काळजी केवढी! चार टाळकी घेऊन आले, म्हणाले, "दादा, त्याला बाहेर काढा." मी हीच लोखंडी चावी घेऊन दारात उभा राहिलो. "या की, कोण येतंय आत?" टाळकी पांगली. चिरंजीव घरी जाऊन पोटभर जेवले.

४. शेडचा पुढचा भाग मल्हाररावांना. सीएनसी मशीन तर त्यांचंच. हे मशीन त्यांनी सासरे काकासाहेब, लासूर स्टेशनचे अडते, यांच्या जिवावर आणलं. बटण दाबलं की आपोआप कातत बसतं. मशीनबद्दल माझी तक्रार नाही, चिरंजीवांपेक्षा पुष्कळ काम करतं. खंडेनवमीला मल्हाररावांनी त्याच्या चकला झेंडूचा हार घातला आणि हार न काढताच बटण दाबलं. सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एवढी फुलं बसली की त्यांचीच पूजा झाल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. हे मशीन बसलं तेव्हा मी दवाखान्यात होतो. तेवढं साधून मल्हाररावांनी मागच्या खोलीची भिंत पाडली, कडूबाईची चूल होती तिथं खड्डा खणला, काँक्रीट ओतलं आणि मशीन बोल्टांनी आवळून टाकलं. ती दोघं उरल्या अर्ध्या खोलीत राहतात. यंदा जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. रामकिसननं पेढे वाटले. मल्हाररावांनी पेढा घेतला नाही, वर त्याला म्हणाले, "दादा गेले की खोली खाली करायची." मी शेजारीच बसलो होतो. मला ऐकू येतं, हे ते विसरले.

५. म्हणून मागची अख्खी खोली, पाडलेली भिंत होती तिथपर्यंत, जमिनीसकट मी रामकिसन खरात याच्या मालकीची करतो. म्हणजे सीएनसी मल्हाररावांचं, त्याच्या खालची जमीन रामकिसनची. मशीन न्यायचं तर खुशाल उपटून न्यावं. पाया घालताना लई घाई केली होती, उपटताना सावकाश उपटावा. ठेवायचं असेल तर रामकिसनच्या दारात उभं राहून, स्वतःच्या तोंडाने परवानगी मागावी. सासऱ्यांना पाठवू नये. जाताना पेढे न्यावेत.

हे रामकिसनला वाचून दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "मालक, मी काय त्याला नाय म्हणणार व्हय? राहू द्या त्याचं मशीन तिथंच."

तो हो म्हणेल हे मला ठाऊक आहे. मल्हाररावांनाही ठाऊक आहे. तरी विचारावं लागेल.

साक्षीदार (मल्हाररावांच्या बैठकीतला एकही घेतलेला नाही):
१. युसूफ खान गफूर खान, हत्यारांना धार लावणारे, क्रांती चौक (सही)
२. गयास अहमद, शेजारी (सही)

लिहून ठेवणार: त्रिंबक मुंजाबा शिंगाडे (सही)
औरंगाबाद, १३ मार्च १९९४