टाकीतला नारळ

बाबा, वालीवच्या कारखान्यातून तुमच्या बायोचा नमस्कार.

फोनवर तुम्ही स्पीकर लावता, अख्खी आळी ऐकते आणि मला लाज वाटते. म्हणून लिहिते.

धुराचं काम म्हणून काळजी करू नका. धूर तिकडे पॉवर प्लांटमध्ये. इथे आम्ही फक्त साबुदाण्यासारखे दाणे बनवतो. जाळ्यात मासा अडकतो तसा धुरातला कार्बनचा वायू त्या दाण्यांना चिकटतो. दाणे तापवले की तो सुटतो, मग सिलिंडरमध्ये भरून ठेवायचा. दाणे परत वापरायचे.

आल्यापासून मी कोणाशी बोललेच नव्हते. पोरगी टिकणार नाही म्हणून शेठ मला घरी पाठवणार होते.

काल पहिली टाकी दाण्यांनी भरली. शेठ म्हणाले, "सगळ्यात लहान कोण? तिच्या हातून नारळ होऊ दे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरले आणि नारळी पुनवेला दर्याला देतो तसा अख्खा नारळ टाकीत सोडला!

माझ्यासोबत काम करणारी मनोरमाताई ओरडली, "अगं बाई, फोडायचा होता!"

"आमच्यात दर्याला अख्खाच देतात!" मी पण ओरडले.

शेठ पोट धरून हसले. "हिला तोंड आहे की!"

हात पोचेना, म्हणून शेजारच्या वाडीतून आंबे उतरवायचा झेला आणून नारळ काढला. मग दिवसभर सगळे दर्याचं विचारत होते आणि मी सांगत होते. शेठनी मला घरी पाठवायचं रद्द केलं, आता मी इथेच राहणार.

आईचा गुडघा कसा आहे? होडीला रंग लावलात का? पुनवेला येते. माझा नारळ ठेवा, अख्खा.

तुमचीच,
बायो