सुमनच्या जिभेवरचं मीठ

मंगळवार, १२ मार्च १९९६
राजाजीनगर

आज लोणचेवाल्यांच्या बैठकीत ठरलं: मद्रास, आंध्र, आपण, सगळ्यांनी एकदमच मीठ कमी करायचं, म्हणजे कुणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही. सरी, ठीकच आहे म्हटलं. मग एकमेकांची लोणची चाखली. माझं तोंडात पडलं आणि सगळ्यांचे हात पाण्याच्या पेल्याकडे गेले. चित्तूरवाला शेजाऱ्याला हळूच तेलुगूत म्हणाला, "बरणीत समुद्र भरलाय!" मला ऐकू आलं, कळलंही. मीही हसलो. पण बरणीचं झाकण लावून टाकलं.

आमच्याकडे मिठाचं माप म्हणजे आमच्या सुमनची जीभ. प्रत्येक पिंप तीच चाखते. "अहो, स्वल्प कमीच वाटतंय." की मी टाकलंच! बैठकीला आलेले डॉक्टर म्हणाले, जीभ मिठाला सरावते आणि रक्तदाब गुपचूप वाढतो. गुपचूप! मग तिचं रोजचं डोकं दुखणं? सुजलेले पाय? मी आपला म्हणत होतो, उभं राहून होतं.

घरी येऊन मद्रासवाल्याचं लोणचं तिला दिलं. "शी! अगदीच अळणी!" म्हणाली आणि कपाळ दाबत बसली. मला ते पाण्याचे पेलेच दिसत राहिले.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"मला काय धाड भरलीय?"

"तुला नाही गं, मला दाखवायचंय. सोबतीला चल."

ती घाबरून उठलीच. पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "कधीपासून होतंय? आधी बोलायचं नाही का?"

तेच तर मला तिला विचारायचं होतं.