हात मोडल्याची तारीख

तलासरी
१८ फेब्रुवारी २०१८

चि. मुक्ता,

तुला आईचे आशीर्वाद. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण हे पत्र संपेपर्यंत माझ्यावर रागावू नकोस. तुझी नर्सिंगची परीक्षा जवळ आली असेल. नाशिकला थंडी अजून आहे का? इकडे आंब्याला मोहोर बरा आला आहे.

फोनवर तू "आई, थोडक्यात सांग" म्हणतेस. हे थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

अक्षर वाकडं दिसत असेल. पाच डिसेंबरला माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. तेव्हापासून तुला "कामात आहे" सांगत होते, ते खोटं होतं. मी घरी होते.

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात मी आणि सोनीबाई भाताचं मोठं पातेलं कलंडून पेज काढत होतो. पेज लादीवर सांडली होती, पाय सरकला. सोनीबाईने पातेलं सावरलं, मला नाही. नंतर मी तिला बोलले, तर म्हणते कशी, "भात सांडला असता तर दोनशे पोरं उपाशी राहिली असती. तू सांडलीस तर कोण उपाशी राहतं?"

आता लाज वाटते ते लिहिते. मी दवाखान्यात गेले नाही. सोनीबाईच्या नवऱ्याने मोटारसायकल काढली आणि मला न विचारता थेट झरीला नेली, तुझ्या काकाकडे, काकड्याकडे. आपल्याकडे हाड मोडलं की आधी त्याचंच अंगण. बारा वर्षं मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्याने पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. चौथ्या दिवशी सूज उतरेना, तेव्हा तोच म्हणाला, "वहिनी, हे माझ्या हातचं नाही. फोटो काढ." मग मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या कागदावर तारीख पडली नऊ डिसेंबर.

तिथेच घोळ झाला, मधले चार दिवस कुठल्याच कागदावर नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "नवशीबाई, घरी पडलात असं लिहून द्या आणि आजारपणाची रजा टाका. चौकशीची भानगड नको." माझ्या रजा तुझ्या टायफॉइडमध्ये गेल्या होत्या, वीसच दिवस उरले होते. म्हणजे वीस दिवसांनी मोडक्या हाताने पातेलं उचलायचं, नाहीतर बिनपगारी बसायचं. मग तुझं शिक्षण कशावर? कागद त्यांनी तयारच ठेवला होता. मी म्हटलं, "साहेब, हाताने सही होत नाही. डोळ्यांनी वाचता येतं, तेवढं करते." वाचला आणि परत दिला.

कारकून प्रविणच्या कपाटात रजेच्या नियमांचं पुस्तक होतं. रोज दुपारी घरून शाळेत जाऊन त्याच्याजवळ स्टुलावर बसून वाचलं. मी तुझ्या जुन्या पुस्तकांवर अक्षरं शिकलेली बाई, सरकारी मराठी म्हणजे तांदळातले खडे निवडणं. प्रविण हसायचा. "नवशीबाई, आता माझी खुर्ची पण घ्या."

"नको रे. तिचा पाय मोडलाय. आधी तिला रजा दे."

आणि सापडलं. कामावर असताना इजा झाली तर विशेष विकलांगता रजा मिळते. ती आपल्या शिल्लक रजेतून जात नाही आणि पगार चालू राहतो. मी अर्ज सांगितला, प्रविणने लिहून घेतला. तेव्हा तो हसत नव्हता.

डहाणूच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सोनीबाईंचा जबाब आहे. पण पाच ते नऊ, तुम्ही होता कुठे?" नियमाचं पुस्तक वाचणारी, मुलगी नर्स होणार म्हणून मिरवणारी, पाला बांधून बसली होती, हे कसं सांगू? पण सांगितलं.

"त्या माणसाचा काही कागद?"

"तो लिहीत नाही, मॅडम."

"मग त्यालाच आणा."

काका आला. धुतलेला शर्ट घालून, चपला दाराबाहेर काढून. मॅडमना म्हणाला, "पाच तारीख मला कळत नाही, बाई. मोडला त्याच दिवशी आली, दिवस मावळायच्या आत. लुगड्याला पेज लागलेली, वाळून कडक झालेली. एवढी पेज घरच्या चुलीवर कुठली?" मॅडम म्हणाल्या, "हात बघत होतात की लुगडं?" तो म्हणाला, "हात बघायचा तर माणूस बघावंच लागतं."

जबाब लिहून झाला. अंगठा द्यायची वेळ आली तर हा मागे सरला. "वहिनी, आधी तू वाच. तू वाचलंस की देतो." सगळ्या कार्यालयासमोर मी मोठ्याने वाचला, मुक्ता. कुठे अडखळले नाही.

रजा मंजूर झाली.

आता दुसरं. तो नियम १९८१ सालचा आहे. तुझे बाबा गेले २००६ साली. जंगलात वनखात्याच्या ड्युटीवर पडून त्यांचा पाय मोडला, तेव्हा तो छापलेला होता. त्यांना कोणी सांगितला नाही. काकाने पाय बांधला आणि म्हणाला, दोन महिने हलायचं नाही. रजा संपली म्हणून एकविसाव्या दिवशी ते कामावर गेले आणि त्याच पायावर उतारावरून घसरले, ते परत आलेच नाहीत. हे तुला माहीत आहे. काकाने पाय नीट बांधला नाही, असं मी तुला सांगत आले. पाय नीट बांधला होता. आदल्या रात्री ते म्हणाले, अजून दुखतंय. मी म्हणाले, "पगार बंद झाला तर खायचं काय? अजून किती दिवस बसणार?"

डहाणूच्या एसटी स्टँडवर मी हे काकाला सांगितलं. तुझ्या बाबांचं नाव घेऊन तो म्हणाला, "लहान्या त्या सकाळी माझ्या घरावरून गेला होता. बोलला होता मला."

"मग बारा वर्षं माझा राग का सोसलास?"

"तुझ्या पदरात पोर होती, वहिनी. स्वतःवरच रागावली असतीस तर तिला कोणी वाढवलं असतं?"

मी रडले नाही. त्याला वडापाव घेऊन दिला. त्याने दोन खाल्ले.

डॉक्टर म्हणतात, जड उचलायला अजून तीन आठवडे. मुख्याध्यापकांनी परवा निरोप पाठवला, नुसती देखरेख करायला या. मी कळवलं, डॉक्टरांचा दाखला मिळेल त्या दिवशी येईन, त्याआधी नाही.

तुझ्या वॉर्डात कोणी मोडून आलं तर त्याला विचार, कामावर पडलास का? सांगेल ते लिही आणि तारीख घाल. कामट्या बांधून आला असेल तर त्याला हसू नकोस, तेही लिही. सुट्टीत येशील तेव्हा आधी झरीला जाऊ.

तुझ्या बाबांना घरी बसू न दिलेली,
आणि आज हात बरा होईपर्यंत घरी बसलेली,
तुझी आई
नवशी