टाचेतला काटा

आप्पा, तुमच्या करगोट्याला बांधलेला काटे काढायचा चिमटा माझ्याकडून हरवला. इनामगाव सोडून दौंडला बिऱ्हाड आणलं तेव्हा तो पत्र्याच्या पेटीत होता. पेटी आली, चिमटा आला नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पत्राची सवय नाही, आणि हे पत्र जाणार तरी कुठे. तरी बसलो, कारण गेल्या महिन्यात घरात एक गोष्ट झाली आणि ती तुम्हालाच नीट कळेल असं वाटलं. मधेच उठून गॅस बंद आहे का ते पाहून आलो. बंद होता. मघाशीही पाहिला होता.

मी दहा वर्षांचा असेन. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात आपली धाकली तापाने गेली होती, दीड वर्षाची. तुम्ही तिला नदीकाठी पुरून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या. मला तिकडे नेलं नव्हतं. पुढे पुण्याची माणसं टेकाडावर तंबू ठोकून जमिनीखालचं जुनं गाव उकरायला आली आणि तुम्ही त्यांच्याकडे रोजावर लागलात. तुमचा हात हलका म्हणून कुदळीऐवजी त्यांनी तुम्हाला ब्रश दिला. याचं तुम्हाला थोडं अप्रूप होतं. घरी चहा पितानाही तुम्ही बशीच्या कडेवरून बोट तसंच फिरवायचात.

त्या दिवशी मी भाकरी घेऊन येतो. तुम्ही खड्ड्यात गुडघ्यांवर बसला आहात. पुढ्यात दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, त्यातलं एक फुटकं. फुटक्या जागेतून बोटाएवढी हाडं दिसताहेत आणि तुम्ही त्यांच्यावरची माती झाडता आहात. काठावरचे साहेब कुणाला तरी सांगत आहेत की पूर्वी तान्हं मूल गेलं की इथले लोक ते असंच घरात, जमिनीखाली पुरायचे. मी भाकरीचं फडकं काठावर ठेवलं आणि मागे फिरलो.

त्यानंतर मला घास उतरेना. शाळेला म्हणून निघायचो आणि नदीकाठच्या बाभळींकडे बघत बांधावर बसायचो. खोदकामाचे खड्डे आज नदीच्या बाजूला किती सरकले ते मोजायचो. आई म्हणाली, "ह्याला तिथलंच कायतरी लागीर झालंय. देवऋष्याकडं न्या." तुम्ही म्हणालात, "बघू." तुमचं सगळं 'बघू'वर चालायचं. एकदा तुम्ही मला समोर बसवून विचारलंतही, "काय हुतंय रं तुला?" मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ लाकडासारखी झाली.

तीन-चार दिवसांनी, दिवेलागणीला, मी म्हणालो, "आप्पा, काटा लागलाय."

"कुठं?"

"टाचंत."

"आण इकडं."

तुम्ही माझा पाय मांडीवर घेतला आणि दिवा जवळ ओढला. चिमट्याचं टोक टाचेवर फिरू लागलं, घाई न करता. तुमचा हात गरम होता. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, टाचेकडे बघत होता. मी आढ्याकडे पाहत विचारलं, "आपल्या धाकलीला बी काढतील का?"

चिमटा थांबला. "कोण काढंल?"

"तुमीच."

तुम्ही मान वर केली नाहीत, पायही सोडला नाहीत. मग चिमटा पुन्हा फिरू लागला. "मी काढतो ती लई जुनी हायेत. त्यांची माणसं उरली न्हाईत. धाकलीची हायेत की. मी हाय, तुझी आय हाय, तू हायेस. कोण हात लावतंय तिला?" थोड्या वेळाने तुम्ही चिमट्याने काहीतरी बाजूला टाकलंत. "निघाला बघ."

दुसऱ्या दिवशी खाडा करून तुम्ही मला बाभळींपाशी नेलंत आणि जागा दाखवलीत. मी तिथे एक दगड ठेवला. त्या दिवशी जेवलो, असं आई सांगायची. पुढे रोज दिवेलागणीला तुम्ही स्वतःच म्हणायचात, "पाय आण." आई चिडायची, "बाप हाय का वैदू? चप्पल घ्या की पोराला!" तुम्ही म्हणायचात, "चप्पल झिजती." शाळेतला मार, वर्गातली चिडवाचिडवी, सगळं त्या वेळात तुमच्या कानावर गेलं. तुम्ही फार काही बोलायचा नाहीत.

माझ्या मुलाला मी पहिलीपासून बूट घेतले. त्याचा पाय मी कधी हातात घेतला नाही. आता तो मोठा माणूस आहे, कंपनीत जातो, आणि पाणी आलं का, सिलिंडर आला का, एवढंच आम्ही बोलतो.

त्याची मुलगी अकरावीला आहे. दिवाळीपासून ती ताट अर्धं ठेवू लागली. कॉलेजच्या मॅडमनी बोलावून घेतलं. बापाने समोर बसवून विचारलं, आईने विचारलं, दोघांनी मिळून विचारलं. पोरीचं एकच उत्तर, "काही नाही." मला ती जड जीभ ओळखीची वाटली. तीन दिवस मी नुसता घाबरून फिरलो. चौथ्या दिवशी खुर्चीत बसून तिला म्हणालो, "माझ्या टाचेत काहीतरी सलतंय गं. जरा बघ."

सेफ्टी पिन घेऊन ती खाली बसली. "आजोबा, काहीच दिसत नाहीये."

"माझे डोळे गेले, तुझे तरी वापर. नीट बघ."

माझी टाच म्हणजे भेगाळलेलं रान. ती वाकून शोधत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, तुमच्यासारखा गप्प. मग खालूनच आवाज आला, "वर्गात गेलं की मला श्वास पुरत नाही. आपण आता मरणार असं वाटतं. पप्पांना सांगितलं तर म्हणतील नाटकं करते."

मी पाय हलवला नाही. मी तिला धाकलीची आणि मडक्यांची गोष्ट सांगितली. शेवटी विचारलं, "तुझ्या आईला सांगू का?"

"तुम्ही सांगा. मी नाही."

आईला सांगितलं. आईने बापाला सांगितलं. तो माझ्यापाशी येऊन बसला. आता ते तिला आठवड्याला डॉक्टरकडे नेतात. सगळं बरं झालेलं नाही. ताट कधी पुरं होतं, कधी नाही.

त्या दिवशी उठताना ती पिन झटकून म्हणाली, "निघाला, आजोबा." पिनेच्या टोकाला काही नव्हतं. मी म्हणालो, "बरं वाटलं."

आप्पा, मी धाकलीचं विचारलं त्या संध्याकाळी माझ्या टाचेत काटा नव्हता. पुढेही पुष्कळदा नसायचा. तुम्हाला ते ठाऊक होतं का, हे विचारायचं मात्र राहिलं.