प्रबंध होईस्तोवर

मॅडम,

तुमच्यावरचा लेख काल देऊन टाकला. शिक्षकदिनाच्या पुरवणीसाठी संपादकांनी मागितला होता आणि मी नेहमीसारखा मुदतीच्या आधी पाठवला. मी दर आठवड्याला मनाच्या आजारांवर सदर लिहिते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ते तुमच्या मागे सुरू झालं. लेखात तुम्ही शिस्तीच्या आहात, मायाळू आहात, खेड्यापाड्यातल्या पोरींना डॉक्टरेटपर्यंत नेणाऱ्या आहात. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि वाचून झाल्यावर लक्षात आलं की त्यात तुम्ही कुठेच नाही. म्हणून आज कुणी मागितलेलं नसताना हे लिहायला बसले आहे.

विद्यापीठातलं कोर्सवर्क उरकून मी अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रात तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्या पिशवीत छापून आणलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. विषय ठरलेला होता: डायलिसिसवरची माणसं पथ्यपाणी कशाच्या बळावर पाळतात आणि कशामुळे सोडतात. मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी कामाला लागायचं. तुम्ही तो गठ्ठा उचलून कपाटात टाकलात आणि मला दवाखान्यातल्या डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसायला पाठवलंत. नातेवाइकांच्या बाकावर. कुणाला काही विचारायचं नाही, काही लिहायचं नाही, नुसतं बसायचं. "पेशंट आत असतो, पण आजार बाहेर बसलेला असतो," एवढंच म्हणालात. केजकडचे एक काका बायकोला घेऊन यायचे. दोन-तीन खेपा मला बघून त्यांनी विचारलं, "पोरी, तुझं कोन हाय आत?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग कावून बसलीस? लई जागा हाय का बाकावर?" बाक हसला. मी लाजून तुमच्याकडे आले, की मॅडम, लोक विचारतात. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "विचारणारच. तूसुद्धा त्यांना तेच विचारणार आहेस ना? आधी आपल्याला कसं वाटतं ते बघून घे." पुढे त्याच काकांनी मला डबा धरायला दिला, चहा आणायला पाठवलं, बायकोचं रक्त कमी झालं तेव्हा माझ्यापाशीच रडले. आणि मग एक दिवस तुम्ही कपाट उघडलंत.

माझी पहिली मुलाखत तुम्ही ऐकलीत ती अजून माझ्या कानात आहे. रेकॉर्डर सुरू आहे, मी शुद्ध आवाजात एका म्हातारीला विचारते आहे, "आपल्याला अलीकडे नैराश्य जाणवतं का?" म्हातारी म्हणते, "ते कुठं मिळतंय?" तुम्ही रेकॉर्डर बंद केलात. मला वाटलं, हसाल. तुम्ही हसला नाहीत. "पाटोद्याची आहेस ना तू?" हो म्हटलं. "तुझ्या आईला करमत नसलं तर तू तिला काय विचारतेस? ते विचार. ही बाई चार तास सुयांवर पडून तुला उत्तर देत होती, आणि तू तिच्याशी तहसील कचेरीतलं बोलत होतीस." त्या दिवशी मी घरी जेवले नाही. राग तुमचा नव्हता. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग धरता येत नाही, एवढीच अडचण होती.

तुमची साखर जुनी होती. ती मूत्रपिंडांपर्यंत पोचली आहे हे तुम्ही आम्हा कुणाला सांगितलं नव्हतंत. ज्या दिवशी तुम्ही विभागात आलात आणि टेक्निशियनने खुर्ची पुढे करत विचारलं, "मॅडम, आज कुणाला बघायचंय?" तेव्हा तुम्ही चपला काढत म्हणालात, "आज मलाच बघा." मी तिथेच उभी होते. पुढे आठवड्यातून तीनदा तुम्ही त्या खाटेवर आणि मी शेजारी, माझ्या इतर पेशंटांकडे जाऊन परत तुमच्याशी. डाव्या हाताचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला जोडून घेतलेली शीर, वर्षाच्या आत बंद पडला, मग उजव्याला केला. पायात गोळे यायचे, रक्तदाब घसरायचा, घरी जाईस्तोवर उलट्या. हे सगळं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहीत होते. तुमच्या बाबतीत लिहिलं नाही.

मग दसऱ्यानंतर तुम्ही यायचं बंद केलंत. एक फेरी चुकली, दुसरी चुकली. तुमचे थोरले भाऊ, आप्पा, कपाळाला भस्माचे पट्टे तसेच, भांड्यांचं दुकान उघडं टाकून केंद्रात आले. "ती न्हाई म्हणती. आमचं कोन ऐकतंय हितं? तुमी तिच्या हाताखालच्या. लोकांला समजवायचंच शिकलाव ना तुमी? तिला समजवा." मी गेले. तुम्ही स्वयंपाकघरात खाली पाट घेऊन बसला होतात आणि पुढ्यात सीताफळ. डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय सीताफळातल्या पोटॅशियमने थांबू शकतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तुमच्या वहिनी चुलीकडे तोंड करून उभ्या. "खा, बघत काय बसलीस," तुम्ही म्हणालात. "बालाघाटातलं आहे, साखरेसारखं."

मी तुमच्याकडूनच शिकलेलं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला फार थकवा आल्यासारखा वाटतोय."

"वाटतोय काय? आलाय."

"डायलिसिस चालू ठेवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा धरलं तर?"

"चार. आता पुढचा प्रश्न मी सांगते. 'चारच का, दोन का नाही?' म्हणजे पेशंट आपणच आपल्या तोंडाने जगायची कारणं सांगायला लागतो. दुसऱ्या मुलाखतीनंतर शिकवलंय मी हे तुला." बी थुंकून तुम्ही वाटीत टाकलीत. "आणि खिन्नता आहे का तेही बघून झालं. मीच बघितलं. झोप येते, पुस्तक वाचवतं, वहिनीच्या हातचं आवडतं. उदास आहे. उदास असायला झालंच आहे तसं. पण हा तो आजार नाही."

माझ्याकडचं संपलं. मला काय झालं कळलं नाही, मी पदर तोंडाला लावून रडायला लागले आणि म्हटलं, "मॅडम, माझं चौथं प्रकरण अजून व्हायचंय." इतकं आपमतलबी वाक्य मी कुणाच्या स्वयंपाकघरात बोललेली नाही. वहिनींनी वळून बघितलं. तुम्ही हात धुतलेत, सावकाश, एकेक बोट. "हां," म्हणालात, "आता बोललीस. इतका वेळ पेशंटशी बोलत होतीस." मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक दिलीत, "आप्पा, ऐकतोस का? हिचा प्रबंध होईस्तोवर जाईन मी. त्यानंतर मला कुणी विचारायचं नाही. हिनेसुद्धा नाही." बाहेरून आप्पांचा आवाज, "बरं बाई, बरं." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

त्या हिवाळ्यात माझा प्रबंध जितका वाचला गेला तितका जगात कुणाचा वाचला गेला नसेल. मी पानं तुमच्या डोळ्यांपुढे धरायची, कारण तुमच्या उजव्या हाताला सुया आणि डाव्यात जोर नाही. तुम्ही नुसत्या मानेने दुरुस्त्या सांगायच्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट विचारायचा, "म्याडम, पास करलाव का न्हाई पोरीला?" आणि तुम्ही, "बघू, अजून कच्ची आहे." मला त्या खोलीचा वास आवडायला लागला होता. हे कुठल्या प्रबंधात लिहायचं?

संक्रांतीपर्यंत शेवटचं प्रकरण झालं होतं. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मला माहीत आहे. मी आजवर संपादकांना, विद्यापीठाला, कुणालाही उशिरा काही दिलेलं नाही. पण ते प्रकरण मी होळीपर्यंत नेलं, होळीनंतर पाडव्यापर्यंत. संदर्भ तपासते म्हणाले. तक्ते परत काढते म्हणाले. एक परिच्छेद काढायची आणि पुढच्या खेपेला तोच परत घालून आणायची. दरम्यान तुमच्या पायांतले गोळे मांड्यांपर्यंत चढले होते. एका फेरीला तुम्ही ओठ इतका घट्ट चावलात की सिस्टरने कापूस लावला. आणि मी पानं धरून उभी. मशीन बंद झाल्यावर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "अगं, आमटी झाली की उतरवायची असते. उकळत ठेवली की आटते नुसती." मी पानं पिशवीत भरली. तुम्ही रागावला नाहीत, आणि पुढच्या फेरीला परत आलात. त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या खेपेला मी प्रबंध पुरा झाल्याच्या, गाइडच्या सहीच्या प्रमाणपत्राचा कागद आणला. तुम्ही डाव्या हाताने सही केलीत. विद्यापीठातल्या कारकुनाने ती दोनदा बघितली आणि विचारलं, ही मॅडमचीच ना?

प्रबंध जमा करून मी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही माळवदावर बाज टाकून बसला होतात. फेऱ्या थांबल्या होत्या. जिन्यातच आप्पांनी मला गाठलं. "मागल्या बारीला तुमीच वळवली तिला. आता बी बोला."

"नाही आप्पा. शब्द दिलाय आपण."

"शब्द मी दिलता. तुमी काय दिलाव?" मग हळू, जवळजवळ स्वतःशी, "मग इतकं शिकून काय केलं तुमी?"

मी वर गेले. तुम्ही अर्धा पेढा खाल्लात, अर्धा मला दिलात आणि पुढे काय करणार म्हणून विचारलंत. आपण नोकरीच्या गोष्टी केल्या, वहिनींच्या गुडघ्यांच्या केल्या. पंधरवड्याच्या आत तुम्ही गेलात. शेवटचे दोन दिवस नुसती झोप होती.

तुमच्या लोकांत माणसाला बसवून समाधी देतात हे मला ठाऊक होतं, पाहिलं नव्हतं. तुम्हाला खुर्चीत बसवून आणलं होतं, कपाळभर भस्म, मांडीवर बेलाची पानं. भोवती सगळे उभे. स्वामी मंत्र म्हणत होते. तुम्ही आम्हाला शिकवलं होतंत की समोरचा बसलेला असेल तर उभ्याने बोलायचं नाही, स्टूल नसेल तर फरशीवर बसायचं, पण त्याच्या डोळ्यांच्या वर राहायचं नाही. मी आपोआप मातीत खाली बसले. वहिनी धावत आल्या, "चक्कर आली का गं? पानी आनू?" मी नाही म्हणून मान हलवली.

आता मीच गाइड आहे. माझीही पोरं आधी बाकावर बसतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात. काल संध्याकाळी लेख पाठवून उठत होते तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी आली. ती जाते त्या दवाखान्यातल्या एका मास्तरांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलंय. त्यांचा मुलगा हिला म्हणतो, ताई, तुमचं ऐकतात ते, तुम्ही सांगा. "मॅडम, मी जाऊ का?" तिने विचारलं. मी म्हटलं, उद्या बोलू. मी कधी उद्यावर टाकत नाही, त्यामुळे ती जरा चमकली.

तिला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. उदासीचा आजार आहे का ते आधी नीट बघ, असेल तर त्यावर उपचार होतो. नसेल, तर घरच्यांचा निरोप पोचवायला पेशंटकडे जायचं नाही. आपली भीती त्याच्या उशाशी ठेवून यायचं नाही. त्याचं ऐकायचं आणि घरच्यांना ते ऐकायला मदत करायची. हे मी तिला ठामपणे सांगेन, कारण ते बरोबर आहे, आणि ते तुमच्याकडूनच आलंय.

हे पत्र कुठे जायचं नाही. आप्पाही गेले, दुकान पुतण्या चालवतो, त्याला यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायची गरजही नाही. घडी करून ठेवून देईन. फक्त एक गोष्ट त्या पोरीला सांगता येणार नाही, ती तुम्हाला सांगते. त्या शेवटच्या महिन्यांचा मला पश्चात्ताप व्हायला हवा, आणि मी पुष्कळदा त्याची वाट बघत बसले आहे. तो येत नाही. तुमचा चावलेला ओठ मला दिसतो, सगळं दिसतं. तरी तुम्ही आज त्या खाटेवर असता, तर मी अजून एक प्रकरण काढलं असतं.